आधी अळणी काढून ठेवा : लहान मुलाच्या वाढदिवसाचं खाणं कसं आखायचं

कोल्हापुरी घरात मटण शिजत असताना मसाला पडायच्या आधी वाटी-दोन वाट्या अळणी बाजूला काढून ठेवतात. हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावर शिजलेलं ते पाणी आणि दोन मऊ फोडी घरातल्या बारक्यांसाठी असतात. उरलेल्याचा मग तांबडा रस्सा होतो, पांढरा रस्सा होतो. रोजच्या स्वयंपाकात ही रीत आपण सहज पाळतो. वाढदिवस आला की मात्र उलटं चालतं. आधी मोठ्यांचा बेत ठरतो, आचाऱ्याला सांगून होतं, आणि शेवटच्या घटकेला कुणीतरी विचारतं, "पोरांना काय?" मग वेफर्सची पाकिटं फुटतात.

ज्यांच्या घरी पहिल्यांदाच बाळाचा वाढदिवस होतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. पहिलं ताट मुलांचं ठरवा आणि त्याच पातेल्यातून, तिखट वाढवत, मोठ्यांचं ताट काढा. दोन वेगळे स्वयंपाक लागत नाहीत. आपल्या कोल्हापूरचे बरेचसे पदार्थ मुळातच असे आहेत, की त्यांचं तिखट वेगळ्या भांड्यात ठेवता येतं.

पहिली पायरी : मोजणी, वयासकट

"चाळीसेक माणसं" असा अंदाज पुरत नाही. कागदावर चार रकाने पाडा: वर्षाच्या आतली बाळं, १ ते २ वर्षांची, २ ते ५ वर्षांची, आणि त्यापुढची मुलं. मोठी माणसं शेवटी लिहा. कारण एका वर्षाचं मूल आणि सात वर्षांचं मूल यांच्या ताटात फारसं काही सारखं नसतं.

वर्षाच्या आतल्या बाळासाठी वेगळं काही रांधू नका, त्याची आई त्याचं बघते. तुम्ही फक्त एक पाळा: कुणी कौतुकाने मध चाटवायला निघालं तर थांबवा. मधात बोटुलिझम या गंभीर आजाराचे जिवाणूबीज असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना तोंड देऊ शकत नाही. १ ते २ वर्षांच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून साखर घातलेले पदार्थ देऊच नयेत. पहिल्याच वाढदिवसाला हे जड वाटतं हे मला कळतं. पण केक कापायला बाळाचा हात लागला, फोटो झाले, की त्याच्या तोंडात पिकलेल्या केळ्याचा घास गेला तरी त्याला तेवढाच आनंद होतो. आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी समजूत घरोघरी आहे. आपल्या कोल्हापुरी गुळाचा कितीही अभिमान असला (२०१४ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे), दोन वर्षांखालच्या बाळाच्या बाबतीत गूळही साखरेच्याच खात्यात धरा.

पुढच्या हिशेबासाठी एक उदाहरण घेतो: मुलगी तीन वर्षांची होतेय, २ ते ६ वयोगटातली १५ मुलं आणि २५ मोठी माणसं येणार आहेत. राजारामपुरीतल्या किंवा नागाळा पार्कातल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आणि गच्चीवर मावतील एवढी.

दुसरी पायरी : वेळ

निमंत्रणावर "सायं. ७ वाजता" लिहिलंत की मुलांचं जेवण बिघडलं असं समजा. सातला लोक निघतात, आठला केक कापतो, नऊला ताटं लागतात, आणि तोवर तीन वर्षांचं मूल कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं.

दुपारची झोप काढून मूल चार-साडेचारला उठतं आणि पाच-साडेपाचला त्याला भूक लागते. म्हणून पाचला बोलवा. साडेपाचला मुलांना खायला द्या, सव्वासहाला औक्षण आणि केक, त्यानंतर मोठ्यांचं. केक आधी आणि जेवण नंतर हा क्रम सगळीकडे दिसतो, पण लहान मुलांसाठी तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. क्रीमचा एक मोठा घास पोटात गेला की मऊ भाताकडे मूल ढुंकूनही बघत नाही, आणि रात्री दहाला आईला पुन्हा कुकर लावावा लागतो.

लवकरच्या वेळेचा आणखी एक फायदा आहे. कोल्हापूर भागात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच सूर्यास्तापूर्वी जेवतात. इथे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. साडेपाचला मुलांच्या पंगतीबरोबरच त्या पाहुण्यांचीही ताटं वाढली तर त्यांना नुसतं सरबत पिऊन परतावं लागत नाही.

तिसरी पायरी : फोन करून विचारा

बोलावणं करतानाच दोन प्रश्न विचारून टाका. "मुलाला काही सोसत नाही असं आहे का?" आणि "तुमच्याकडे काय चालत नाही?" पहिला प्रश्न ॲलर्जीचा. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, काजू, तीळ ही नेहमीची नावं. आपल्याकडे ती लपून येतात: भाजीत दाण्याचं कूट, कांदा-लसूण मसाल्यात तीळ आणि खोबरं, पांढऱ्या रश्शात काजू, खसखस, तीळ. "ह्यात शेंगदाणे नाहीत" असं सांगताना चटणी आणि फोडणीसकट विचार करून सांगा. एखाद्या मुलाला खरोखरच ॲलर्जी असेल तर त्याचं ताट सगळ्यांत आधी, वेगळ्या स्वच्छ पळीने वाढा.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं नाना तऱ्हेची येतील. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा, गाजर चालत नाही. काही घरांत मोड आलेली कडधान्यंही चालत नाहीत, ते मुद्दाम विचारा. लिंगायत घरांत शाकाहार असतो, केकमध्ये अंडं नको असतं. कुणी जोतिबाचा रविवार पाळतं, कुणी अंबाबाईचा शुक्रवार. संकष्टी, एकादशी, श्रावण बघायला कॅलेंडर उघडा. एवढं सगळं सांभाळायचं तर सरळ शाकाहारी बेत आणि बिनअंड्याचा केक ठेवावा. "वाढदिवसाला तांबडा नाही?" असं एखादे काका म्हणतीलच. त्यांना पुढच्या रविवारी वेगळं जेवायला बोलवा.

चौथी पायरी : बेत

मुलाच्या ताटात चार गोष्टी असाव्यात: एक मऊ, एक हातात धरून खाता येईल अशी, एक फळ, एक गोड. यापलीकडे पाचवा पदार्थ वाढला की मुलं गोंधळतात आणि अन्न वाया जातं. तीन-चार वर्षांच्या मुलाचं पोट केवढं असतं! दोन-तीन चमचे भात, चार-पाच छोट्या इडल्या, अर्धं केळं, केकचा लहान तुकडा. बास.

आता त्याच पातेल्यातून मोठ्यांचं कसं काढायचं ते सांगतो.

मिसळ हे याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. तिच्यात उसळ वेगळी असते, कट म्हणजे तिखट पातळ रस्सा वेगळा असतो, फरसाण वेगळं असतं. ताटात येईपर्यंत तिखट कुणाच्या वाट्याला किती जाणार हे ठरलेलं नसतं. मोड आलेली मटकी हळद, मीठ आणि (दोन वर्षांखालचं कुणी नसेल तर) गुळाचा लहान खडा घालून चांगली मऊ शिजवा. शिजली की नाही हे बघायला एक दाणा दोन बोटांत दाबा, सहज चिरडला गेला पाहिजे. मग यातली चौथाई मटकी छोट्या पातेल्यात काढा. तिला साजूक तुपात जिऱ्याची फोडणी, किसलेला टोमॅटो आणि चमचाभर ओलं खोबरं, बाकी काही नको. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी पळीने थोडी ठेचून घ्या. ही झाली मुलांची उसळ. उरलेल्या मटकीला कांदा-लसूण मसाल्याची बेताची फोडणी, आणि कट तर्रीसकट वेगळ्या पातेल्यात. तो स्वयंपाकघरातच राहू दे, वाढणाऱ्याच्या हातात. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस देतात हेही सोयीचं. लहानग्याला स्लाइसची कड काढून, उसळीत बुडवून मऊ करून देता येते.

भेळेचंही तसंच. खासबागेतल्या भेळेची सवय झालेल्या मोठ्यांना तिखट चटणी आणि कच्चा कांदा लागणारच. तो वरून घालायचा. मुलांसाठी चिरमुरे, कुस्करलेला उकडलेला बटाटा आणि खजूर-चिंचेची गोड चटणी एवढंच कालवा, आणि पाच मिनिटं थांबा म्हणजे चिरमुरे मऊ पडतील. त्यात शेंगदाणे नकोत, फुटाणे नकोत. दोन वर्षांच्या आतल्यांना भेळ देऊच नका.

घरात मांसाहाराचाच आग्रह असेल तर रीत तुम्हाला माहीतच आहे: अळणी आधी. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मुलांसाठी काढलेल्या फोडींतलं हाड बोटांनी चाचपून काढा, कारण गळ्याच्या आणि बरगडीच्या तुकड्यांत बारीक हाडं राहतात. आणि पांढरा रस्सा पांढरा दिसतो म्हणून मुलांना वाढू नका. त्यात हिरवी मिरची नाहीतर मिरं असतं, आधी स्वतः चाखा.

मऊ पदार्थ म्हणून मी दहीभात सुचवेन. मऊ शिजवलेला भात, ताजं गोड दही, थोडं दूध, मीठ. मोठ्यांच्या वाटणीवर मिरची-कढीपत्त्याची फोडणी नंतर घाला. हातात धरायला छोट्या इडल्या किंवा आप्पे. आप्प्यांत गाजर-कोथिंबीर घालता येते, जैन पाहुणे असतील तर त्याऐवजी किसलेली दुधी. फळांत केळं बारा महिने मिळतं आणि सगळ्या वयांना चालतं. उन्हाळ्यात हापूसच्या फोडी, एरवी पिकलेली पपई, बिया काढलेला चिकू.

गोड म्हणजे केक. केक असताना वर जिलेबी, गुलाबजाम, आइस्क्रीम असं मांडू नका. मोठ्यांना केकने समाधान होत नसेल तर श्रीखंडाचा डबा आणा, माणशी १०० ग्रॅम धरा.

प्यायला ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत, आणि साधं पाणी भरपूर. कोलासारखी पेयं आणू नका. त्यांत साखर तर असतेच, पण कॅफीनही असतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला ते संध्याकाळी सातला देणं म्हणजे रात्रीची झोप घालवणं. दूध देणार असाल तर उकळलेलंच. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिण्याची हौस कोल्हापुरात जुनी आहे आणि मोठ्यांनी ती आपल्या जबाबदारीवर भागवावी. कच्च्या दुधातून येणारे जंतू पाच वर्षांखालच्या मुलांना फार लवकर आजारी पाडतात.

पाचवी पायरी : घशात अडकणाऱ्या गोष्टी

हा भाग घाईघाईत वाचून सोडू नका. लहान मुलांना चावायच्या दाढा उशिरा येतात, श्वासनलिका अरुंद असते, आणि वाढदिवसाच्या घरी ती पळत, हसत, ओरडत खातात. चार-पाच वर्षांपर्यंत पुढच्या गोष्टी त्यांच्या हाताला लागता कामा नयेत: अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, चिक्की, जेलीचे छोटे कप, कच्च्या गाजराच्या आणि सफरचंदाच्या कडक फोडी, सुक्या खोबऱ्याचे काप.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त धोका भडंगाचा आणि चिवड्याचा. मोठ्यांसाठी म्हणून भडंगाची परात टीपॉयवर ठेवली जाते, टीपॉय नेमका दोन वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीचा असतो, आणि त्यातले शेंगदाणे वेचून खायला त्याला फार आवडतं. भडंग ठेवायचंच तर उंच ओट्यावर, वाढून द्यायचं. द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्च, सांगली-तासगावची द्राक्षं स्वस्त मिळतात म्हणून घरात असतातच. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं घट्ट बसतं. उभे चार काप करून द्या, आडवे नकोत.

संक्रांतीच्या दिवसांत वाढदिवस असेल आणि बोरन्हाणही त्याच दिवशी उरकायचं ठरवलंत, तर बाळाच्या डोक्यावरून ओतायच्या गोष्टी नीट निवडा. चिरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि वेष्टनासकट मोठी चॉकलेटं चालतील. बोरं, हलवा, शेंगदाणे, उसाचे करवे मोठ्या मुलांना हातात द्या. जमिनीवर पसरलेलं सगळं लगेच झाडून घ्या, कारण रांगणारं बाळ दहा मिनिटांनी तिथेच येणार.

केकवरचे चंदेरी मणीही दगडासारखे कडक असतात. ते नकोत म्हणून बेकरीवाल्याला सांगा. सजावटीच्या काड्या, टूथपिक, प्लास्टिकची बाहुली कापण्याआधी काढा आणि मोजून बाजूला ठेवा.

एवढं करूनही कुणाला ठसका लागला तर काय करायचं हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालून शोधू नका. आवाज येईना, श्वास घेता येईना असं झालं तर वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा मारा. निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून ५ वेळा आत-वर दाबा, आणि हे आलटून-पालटून चालू ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने ५ दाब. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

केक

माणशी ४०-५० ग्रॅम केक पुरतो. १५ मुलं आणि २५ मोठे म्हणजे २ किलो. पण सगळा २ किलोचा सजवलेला केक घ्यायची गरज नाही. एक किलोचा सजवलेला घ्या, आणि त्याच चवीचा एक किलोचा साधा, वर नुसतं क्रीम फासलेला. सजवलेला समोर कापायचा, साधा आत स्वयंपाकघरात कापून थेट बशांत. पैसेही वाचतात आणि वाटपही लवकर होतं.

तीन-चार दिवस आधी सांगा. बिनअंड्याचा, कमी गोड, फिकट रंगाचा. गडद निळं, काळं, लाल क्रीम म्हणजे नुसता रंग असतो, तो मुलांच्या जिभेवर, दातांवर, नव्या कपड्यांवर उतरतो. फॉन्डंटचे गाड्या-बाहुल्यांचे केक फोटोत छान दिसतात, पण तो थर जवळजवळ निव्वळ साखरेचा असतो आणि बहुतेक मुलं तो सोलून टाकतात. फ्रेश क्रीमचा केक फ्रिजमध्येच ठेवा, कापायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. केक आणायचा आहे म्हणून फ्रिजचा एक कप्पा आदल्या रात्रीच रिकामा करून ठेवावा लागतो, हे ऐन वेळी आठवतं.

घरीही सुरेख होतो. रवा, दही, दूध, गूळ किंवा साखर, तूप, खाण्याचा सोडा. जाड बुडाच्या कुकरमध्ये शिटी आणि रिंग काढून, मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. वर क्रीमऐवजी आंब्याचा रस नाहीतर चक्का फासा. चार दिवस आधी एकदा करून बघा.

मेणबत्ती फुंकायची की निरांजन ओवाळायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. दोन्ही करणार असाल तर औक्षण आधी करा, आणि तबकातली सुपारी, अक्षता मुलाच्या हाती लागू देऊ नका.

हिशेब

वरच्या उदाहरणातल्या ४० माणसांना साधारण असं लागतं:

मटकी : मोठ्यांना माणशी ४० ग्रॅम सुकी, मुलांना २० ग्रॅम. एकूण सव्वा ते दीड किलो.
फरसाण : सव्वा किलो. मुलांना नाही.
ब्रेड : मोठ्यांना चार स्लाइस, मुलांना एक. मोठे सात पुडे.
इडलीचं पीठ : १ किलोत ७५-८० छोट्या इडल्या होतात. १५ मुलांना तेवढ्या पुरतात. मोठ्यांनाही इडली द्यायची तर १ किलोत नेहमीच्या आकाराच्या २०-२२ होतात, त्या हिशेबाने वाढवा.
दहीभात : तांदूळ सव्वा किलो, दही अडीच किलो, दूध १ लिटर.
ताक : ५ लिटर.
केळी : दोन डझन, निघतानाच्या खाऊच्या पुडीतली धरून.

भेळ ठेवलीत तर १ किलो चिरमुऱ्यांत मोठ्यांच्या ३५ बशा होतात, म्हणजे २५ मोठे आणि १५ मुलं धरून किलोभर पुष्कळ झालं. चिरमुरे हलके असतात, किलोभराचीही मोठी पिशवी होते.

किराणा आणि कडधान्य लक्ष्मीपुरीतून, भाजी-फळं कपिलतीर्थ मंडईतून आदल्या दिवशी. केळी मात्र दोन दिवस आधी, थोडी कच्चट बघून घ्या.

बाहेरून मागवायचं असेल तर

आचाऱ्याला किंवा केटररला मेनू सांगण्याआधी हे सांगा: "पहिल्या १५ ताटांत मिरची, मिरं, गरम मसाला काही नको. ते पातेलं आधी उतरवा." "कमी तिखट करा" असं सांगून उपयोग नाही. कोल्हापुरी आचाऱ्याचं कमी तिखट तीन वर्षांच्या मुलाच्या जिभेला आग लावतं, यात त्याचा दोष नाही, त्याच्या हाताला तीच सवय असते. त्याचा अन्न परवाना क्रमांक विचारा, तो १४ आकडी असतो आणि बिलावर छापलेला असायला हवा. अन्न किती वाजता शिजवून किती वाजता पोचवणार हे ठरवून घ्या. सकाळी अकराला शिजलेला पुलाव संध्याकाळी सहाला मुलांना वाढायचा नसतो.

ताटांचं आधीच बघा. थर्मोकोलच्या आणि वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताट-वाट्या-ग्लासांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी-द्रोण घ्या, नाहीतर स्टीलची भांडी भाड्याने आणा. लहान मुलांना स्टीलची छोटी ताटलीच बरी, द्रोण त्यांच्या हातून लवंडतो.

आदल्या दोन दिवसांत

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम असेल तर मटकी शनिवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, रविवारी सकाळी मोड तयार. थंडीत मोड उशिरा येतात, तेव्हा शुक्रवारी रात्रीच भिजत घाला. इडलीचं पीठ शनिवारी वाटून ठेवा. पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळून गार करून ठेवा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ही काळजी जास्तच घ्यावी लागते. बर्फ बाहेरून आणू नका.

दहीभाताचा भात त्याच दिवशी दुपारी तीनच्या पुढे लावा. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात परातीत पसरून पटकन गार करा, दही कालवा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

त्या संध्याकाळी

साडेचारला आपल्या मुलीला तिचा रोजचा वरणभात शांतपणे भरवून घ्या. नवा फ्रॉक, फुगे, गर्दी, सगळ्यांच्या कडेवर फिरणं, यात ती पार्टीत एक घासही खाणार नाही. पोट भरलेलं असलं की ती निदान हसत तरी राहील.

साडेपाचला हॉलमध्ये सतरंजी अंथरून मुलांची पंगत बसवा. हात धुवून, बसून, खेळणी बाजूला ठेवून. दर चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस जवळ बसलेलं असू द्या. ही कामं नावानिशी वाटून द्या, "बघा हं कुणीतरी" असं म्हटलं की कुणीच बघत नाही. आत्या इडली वाढेल, मामा पाणी देईल, आणि एकाने फक्त ताटांवर नजर ठेवायची. ग्लास अर्धेच भरा. मूल नको म्हणालं तर सोडून द्या. मागे धावत घास भरवणं हीच घशात अडकण्याची सगळ्यांत मोठी वेळ असते.

मुलांचं आवरल्यावर मोठ्यांचं गरम बाहेर येऊ दे: कट, चहा. चहाची किटली आणि कटाचं पातेलं लोंबत्या टेबलक्लॉथवर कधी ठेवू नका. मूल ते कापड ओढतं. टेबल भिंतीला लावा, कापड काढूनच टाका.

मिसळ-दहीभात-केक, काहीही असो, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ३२ अंशांच्या वर गेला की एकच तास. थोडं थोडं काढून वाढत राहा, मोठं पातेलं आतच असू दे.

निघताना मुलांच्या हातात खाऊची पुडी देण्याची पद्धत गोड आहे. तिच्यात गोळ्या-चिक्की न भरता रव्याचा लाडू, नाचणीचं बिस्किट आणि एक केळं द्या, आणि पुडी मुलाच्या नव्हे, आईच्या हातात.

उरलेलं अन्न रात्री दहाला कुणाला द्यायचं असा विचार करू नका. वाढप संपत आलं की सातलाच डबे भरा: वॉचमन, घरी कामाला येणाऱ्या मावशी, शेजारच्या आजी. देताना सांगा, "आजच संपवा." बाहेर राहिलेला दहीभात टाकून द्यावा लागतो. न वापरलेला कट मात्र गार करून फ्रिजमध्ये ठेवलात तर सोमवारी सकाळी चांगला उकळून, ताज्या स्लाइसबरोबर, ज्यांनी दोन दिवस राबून हे सगळं केलं त्यांच्या नाश्त्याला होतो.